मिश्री सोडली ती रागाने

श्रीकांत मोहित्यांचं व्यसनमुक्तीवरचं भाषण त्यांच्या बायकोला पाठ झालं होतं. ते कुठे थांबणार, कुठे चष्मा काढून पुसणार, कुठे आवाज खाली आणणार, सगळं सुलभा आधीच सांगू शकली असती. सरकारी कारखान्यात रडारवर काम करणारा हा इंजिनियर तरुणपणापासून सिगारेटी ओढत आला होता. मग एका सकाळी छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली आणि सिगारेट सुटली. निवृत्तीनंतर दुसरा उद्योग उरला नाही म्हणून असेल, पण त्या सुटलेल्या सिगारेटीचं त्यांनी भाषण बनवलं. मराठी मंडळात दिलं, जुन्या कारखान्यात दिलं, बंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या त्यांच्या सोसायटीत तर दरवर्षी. शेवट ठरलेला असायचा.

"तंबाखूचा कॅन्सर कुणाला होतो? ज्याला तो हवा असतो त्याला!"

लोक टाळ्या वाजवायचे. मागच्या रांगेत बसलेली सुलभा तेवढ्या वेळात जिभेने खालच्या ओठाच्या आतली खरखरीत जागा चाचपून घ्यायची.

सुलभा मिश्री लावायची. तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू, तिची बारीक पूड. कराडजवळच्या तिच्या गावात घरोघरच्या बायका सकाळी परसात बसून दातांवर ती पूड घासायच्या. आई, काकू, थोरली बहीण तानूबाई. तर्जनी काळी व्हायची, तोंडाला गुंगी यायची आणि दिवसभरात जे बोलायला मिळायचं नाही ते तिथे बोललं जायचं. सुलभाची दाढ दुखायला लागली तेव्हा ती शाळकरी पोर होती. दाढेला मिश्री लागली आणि तेव्हापासून ती त्या परसातली झाली. पुढे ती बी. ए. झाली, इंजिनियरशी लग्न करून बंगळुरूला आली, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला लागली, पण मिश्री सुटली नाही. पहिल्याच महिन्यात श्रीकांतनी तिला मागच्या दारी पकडलं.

"हा काय गावंढळपणा? उद्या साहेबांच्या बायका घरी येतील." त्यांच्या हातात तेव्हा पेटती सिगारेट होती.

"सोडते," सुलभा म्हणाली होती.

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. गावाहून कुरडया-सांडग्यांच्या गाठोड्यातून तानूबाईची बरणी येत राहिली. एवढ्या वर्षांत एवढ्याशा घरात ती नवऱ्याच्या नजरेला पडली नाही, कारण पडू नये अशी दोघांचीही इच्छा होती.

त्या वर्षी भाषणाच्या जोडीला श्रीकांतनी सोसायटीच्या हॉलमध्ये तोंडाच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. तपासायला डॉक्टर श्रीविद्या आल्या. वयाने तरुण, चार गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बंगळुरूत राहिलेलं, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कानडी अंगाने जायची. खुर्च्यांवर बसलेली माणसं उठेनात, तसे श्रीकांत माइकवर म्हणाले, "सुरुवात माझ्याच घरापासून होऊ द्या!"

सुलभाने नकारार्थी मान हलवली. ते खाली उतरले, हसत हसत तिचं कोपर धरलं आणि तिला खुर्चीवर नेऊन बसवलं. त्यांच्या बोटांचा दाब हसण्यासारखा नव्हता.

"अक्का, स्वल्प तोंड उघडा," डॉक्टर म्हणाल्या. "तंबाखू वगैरे काही?"

"नाही."

डॉक्टरांनी हातमोज्याच्या अंगठ्याने खालचा ओठ बाहेर ओढला. टॉर्च जवळ आणला. टॉर्चचा कोन बदलून पुन्हा पाहिलं.

"परत विचारते. दातांना काही लावता?"

"नाही म्हटलं ना!"

"सरी, ठीक आहे. सोमवारी दवाखान्यात या. एकट्या आलात तरी चालेल."

श्रीकांत मागेच उभे होते. "काय निघालं, डॉक्टर?"

"मी त्यांच्याशी बोलेन, सर."

"अहो, बोला की! आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?"

डॉक्टरांनी सुलभाकडे पाहिलं. सुलभाने मान खाली घातली. "पांढरा चट्टा आहे," डॉक्टर म्हणाल्या, "तंबाखूने होतो तसा."

एव्हाना मागे रांग लागली होती. रांगेतल्या बायकांनी ते नीट ऐकलं.

घरात शिरल्यावर दार लागायच्या आत श्रीकांतचा आवाज चढला. "नाक कापलंस माझं! सगळ्या सोसायटीसमोर! मी गावभर सांगत फिरतोय आणि माझ्या घरात हा प्रकार!"

"चट्टा माझ्या तोंडात आहे," सुलभा म्हणाली. "नाक तुमचं कसं कापलं?"

"तू सोडली म्हणाली होतीस."

"तुम्ही विचारलंत का पुन्हा कधी?"

"म्हणजे चूक माझी?"

त्या दुपारी दोघं वेगवेगळी जेवली. चट्टा केवढा आहे, दुखतो का, हे श्रीकांतनी विचारलं नाही. सुलभाने मनात त्याची नोंद करून ठेवली.

रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळहून, मुलगी आली, शमिका. वडिलांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "आई, मी पोटात असतानाही लावत होतीस?"

सुलभाला खोटं बोलता आलं असतं. पण शिबिरातलं एक खोटं पुरे झालं होतं. "हो," ती म्हणाली.

"माझं वजन कमी भरलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं मला. तू सगळ्यांना सांगतेस की इथल्या थंडीमुळे."

"तुझा बाप त्याच खोलीत सिगारेट ओढायचा. त्यालाही विचार."

"बाबांनी सोडली."

"छातीत तार घातल्यावर."

"पण सोडली ना?"

 सुलभा उठून स्वयंपाकघरात गेली आणि पोळपाट जोरात आपटला. त्या क्षणी तिला नवऱ्यापेक्षा मुलीचा जास्त राग आला, कारण मुलगी बरोबर बोलली होती.

सोमवारी ती रिक्षाने एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हाही ती एकटीच होती.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पेशी बिघडायला लागल्यात. असंच चालू ठेवलंत तर पुढे होऊ शकतो. चट्टा लेझरने काढू. पण मिश्री चालू असेल तर काढून उपयोग नाही."

"माझी आई म्हातारी होऊन मेली. शेवटपर्यंत लावत होती. तिला नाही काही झालं."

"सगळ्यांना होत नाही, अक्का. कुणाला होणार हे मला आधी कळत नाही. तुमच्या तोंडात काय आहे तेवढं दिसतंय."

"शाळेत होते तेव्हापासून लावते मी. म्हणजे माझीच चूक म्हणायची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लहान पोरीच्या हातात मिश्री आली, ती चूक पोरीची नाही. शिबिरात माझ्याशी खोटं बोललात, ती तुमची. आणि उद्या सकाळी उठून काय करणार, तेही तुमचंच. त्यात तुमचे यजमान येत नाहीत, मी पण येत नाही."

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता?"

"खोटं बोलतात त्यांच्याशी."

सुलभाला ही पोरगी मनापासून आवडली नाही. रिक्षात बसल्यावर ती रस्ताभर तिला उत्तरं देत होती. घर येईपर्यंत तिची सगळी उत्तरं संपली.

लेझरने चट्टा निघाला. ओठ सुजला, मऊ भात गिळावा लागला. आणि मिश्री बंद झाली. सकाळी पोट साफ होईना, कारण इतकी वर्षं मिश्रीच ते काम करत आली होती. डोकं ठणकायचं. हात आपोआप वॉशिंग मशीनच्या मागे जायचा, जिथे बरणी होती. बरणी तिने तिथेच ठेवली होती. एक दिवस आपण आपल्या हाताने ती रिकामी करायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तो दिवस मात्र रोज पुढे जात होता.

श्रीकांतनी या सगळ्याचा ताबा घेतला. रोज सकाळी बाथरूमच्या दाराशी उभे राहून ते विचारायचे, "आज?" तिचं बोट हातात घेऊन हुंगायचे. स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायचे. शेवटी त्यांना बरणी सापडली आणि ती त्यांनी कचऱ्यात टाकली. सुलभा भाजी घेऊन परतली तेव्हा ते शमिकाला फोनवर सांगत होते, "टाकली बरं का मी! शेवटी मलाच करावं लागलं."

"ती मी टाकणार होते," सुलभा म्हणाली.

"मग टाकली का नाहीस?"

सुलभाने भाजीची पिशवी जमिनीवर सोडली. त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, मुलीचा कॉल बंद केला आणि त्यांच्यादेखत बहिणीला लावला. "आक्का, तू यायचं म्हणत होतीस ना? ये. येताना मिश्री आण. मोठी बरणी."

तानूबाई आठवड्याभरात आली. सुलभा तिला घ्यायला यशवंतपूर स्टेशनवर गेली. नऊवारीतली तानूबाई आधीपेक्षा वाळली होती. बाकावर टेकताच तिने पिशवीतून बरणी काढली. "घे. आईच्या तव्यावर भाजलीय. दाजीनं टाकली म्हनं तुजी? त्यांची हिंमत कशी झाली!" तिने स्वतः चिमूट घेतली आणि ओठ खाली ओढला.

ओठाच्या आत, हिरडीला लागून, लाल उघडी जखम होती. कडा वर आलेल्या, कठीण. सुलभाच्या बोटावर तेव्हा त्याच बरणीतली मिश्री होती. वास नाकात भरला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं. तिने बोट बाकाच्या कडेला पुसून टाकलं. हे तिने काही निग्रहाने केलं नाही. ती घाबरली होती.

"आक्का, हे काय झालंय?"

"काय न्हाई. दात टोचतोय."

"कधीपासून?"

"गप गं. आल्या आल्या तोंड बघतीस व्हय माजं?"

जेवताना श्रीकांतना नवा श्रोता मिळाला. आमटी ओरपत ते तानूबाईला पेशी, निकोटिन, इच्छाशक्ती असं सगळं समजावत राहिले. शेवटी त्यांचं ते ठेवणीतलं वाक्य आलं, ज्याला हवा असतो त्यालाच कॅन्सर होतो. तानूबाईने हातातला घास ताटात ठेवला.

"व्हय दाजी? मग तुमच्या छातीत तार घातली, ती तुमाला हवी हुती म्हनून?"

श्रीकांत हात न धुताच उठले. सुलभाला हसू आलं, पण पुरतं नाही. बहीण एका बाजूनेच चावत होती आणि प्रत्येक घासाला डोळे मिटत होती.

दुपारी सुलभा म्हणाली, "आक्का, इथे एक डॉक्टरीण आहे. मराठी बोलते. तोंडाने फटकळ आहे, पण बघते नीट. चल माझ्याबरोबर."

"मी न्हाई येनार."

"नुसतं दाखवायचं."

"दाखवलं की कापत्यात. तुजं कापलं न्हाई? तू शेरात ऱ्हातीस, तुजं निभावतंय. मला रानात जायाचं असतंय."

"अगं, जखम आहे ती! दात टोचून असं होतं का?"

"मला हाय का तुला हाय?" तानूबाईने बरणीचं झाकण काढलं.

सुलभाने बरणी तिच्या हातातून हिसकावून घेतली. संडासात गेली, सगळी उपडी केली आणि पाणी सोडलं. काळं पाणी गोल फिरत खाली गेलं. तानूबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"आईच्या तव्यावरची हुती ती."

"म्हणूनच."

"तुला नको तर तू लावू नगं. माज्या जिवावर का उठलीस?"

"मला पहिल्यांदा तूच दिलीस, आक्का! दाढ दुखत होती म्हणून तूच बोटाने लावलीस!"

हे बोलायचं नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या मनातही ते असं शब्दांत आलं नव्हतं. तानूबाई भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"म्हंजी मी तुला मारली म्हन की."

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हनलीस."

दुसऱ्या दिवशी तानूबाई परत निघाली. सुलभा स्टेशनवर गेली, पण बहीण बोलली नाही. गाडी हलताना तिने कमरेच्या पिशवीतून उरलीसुरली चिमूट काढली आणि सुलभाकडे बघत बघत दातांना लावली.

सुलभाने त्याच संध्याकाळी भाच्याला, श्रीरंगला, फोन केला. "तुझ्या आईच्या तोंडात जखम आहे. दवाखान्यात ने."

"आई म्हणती दात टोचतोय."

"मी बघितलंय. ने."

ती फोन करत राहिली. तो आधी हो हो म्हणायचा, मग ऊसतोड चालू आहे म्हणायचा, मग फोन उचलेनासा झाला. तानूबाई तर सुलभाचं नावही घेऊ देत नव्हती.

इकडे मिश्री सुटली ती सुटलीच. सुलभाला त्याचा आनंद वगैरे झाला नाही. सकाळी उठायचं, गरम पाणी प्यायचं, नवऱ्याने "आज?" विचारायच्या आत त्याच्यासमोरून निघून जायचं. नवरा बरोबर ठरू द्यायचा नव्हता, बहिणीसारखं व्हायचं नव्हतं आणि डॉक्टरणीला पुन्हा खोटं बोलताना सापडायचं नव्हतं. एवढ्या तीन रागांवर तिचे दिवस निघत होते. तपासणीला ती एकटीच जायची. डॉक्टर ओठ ओढून बघायच्या, बोटाने चाचपायच्या आणि म्हणायच्या, "सरी. बरं आहे. पुढच्या वेळी पण या, बरं आहे म्हणून चुकवायचं नाही." त्याहून गोड त्या कधी बोलल्या नाहीत. सुलभालाही तेच बरं वाटायला लागलं होतं.

मग मराठी मंडळात पुन्हा भाषण ठरलं. या वेळी श्रीकांतनी पडद्यावर चित्रं दाखवायची ठरवली होती. सुलभा नेहमीप्रमाणे मागे बसली. काळी फुप्फुसं झाली, सिगारेटीची पाकिटं झाली, आणि पडद्यावर एक मोठं उघडं तोंड आलं. हातमोज्यातल्या बोटांनी ओढलेला ओठ, आत पांढरा चट्टा, खाली काळपट दात. तिच्या रिपोर्टबरोबरचा फोटो त्यांनी मोबाइलवर काढून घेतला होता.

"हे तोंड माझ्या पत्नीचं आहे," श्रीकांत म्हणाले. "लाज वाटून घेण्याची ही वेळ नाही. मी ठाम उभा राहिलो आणि तिला सोडायला लावली."

माना मागे वळल्या. सुलभा उभी राहिली.

"तो फोटो काढा."

"सुलभा, आपण नंतर बोलू."

"तोंड माझं आहे. आत्ता काढा."

 पडद्यावर ते तोंड तसंच उघडं होतं.

"आणि यांनी सोडायला लावली नाही," ती म्हणाली.  "यांनी माझी बरणी टाकली तेव्हा मी दुसरी मागवली. सोडली ती मी. रागाने सोडली, यांच्यावरच्याही. सोडणं माझ्या हातात होतं, ते मी उशिरा केलं, ते मी कबूल करते. पण माझ्या बहिणीच्या तोंडात जखम आहे. तिला ती हवी होती, असं यांनी माझ्यासमोर म्हणून दाखवावं."

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी उठून प्रोजेक्टर बंद केला. श्रीकांत चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी भाषणाचा शेवट झालाच नाही.  घरी आल्यावर ते म्हणाले, "चारचौघांत बोलायची ही पद्धत नाही," आणि ती म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले." त्यानंतर त्या घरात लागेल तेवढंच बोलणं उरलं. "आज?" मात्र बंद झालं.

पावसाळा सरताना श्रीरंगचा फोन आला. "मावशी" म्हणाला आणि रडायलाच लागला. तानूबाईला खाणंच जमेना तेव्हा त्याने तिला मिरजेला नेलं होतं. कॅन्सर होता. जबड्याचा खालचा भाग काढावा लागला होता.

"मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"हो, पाहिजे होतं," सुलभा म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून वेगळं काही बोलावं, असं तिला वाटलं नाही. मग ती बॅग भरायला लागली. श्रीकांत दारात येऊन उभे राहिले. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं. बऱ्याच दिवसांत त्यांनी असं हळू काही विचारलं नव्हतं. "नको," ती म्हणाली.

मिरजेच्या दवाखान्यात तानूबाई भिंतीकडेच्या खाटेवर होती. नाकात नळी, अर्धा चेहरा पट्टीत, उरलेला अर्धा ओळखू न येण्यासारखा सुजलेला. सुलभाला पाहताच तिने मान भिंतीकडे वळवली. हाताने खूण केली, जा.

"जाणार नाही," सुलभा म्हणाली. "रागाव हवं तेवढं." आणि स्टूल ओढून बसली.

थोड्या वेळाने नर्स तोंड साफ करायला आली. औषधात भिजवलेला कापसाचा बोळा पुढे नेताच तानूबाईने तिचा हात झटकला. दुसऱ्यांदाही झटकला. नर्स वैतागून म्हणाली, "आजी, घाण साठली तर टाके बिघडतील," आणि तिने ट्रे सुलभापुढे ठेवला. "तुम्ही बघा जमतंय का."

सुलभाने हात धुतले, हातमोजे चढवले, बोळा भिजवला. तिचाही हात तानूबाईने झटकला. बोळा खाली पडला. सुलभाने दुसरा भिजवला आणि तो हातात धरून तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने तानूबाईने मान फिरवली. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती, अजिबात नव्हती. तिने जेवढं उघडता आलं तेवढं तोंड उघडलं.